गावात माणसं कशानं मरायलेत, हे मोजायचं कसं

पारावर बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "आपल्या गावात कॅन्सर लई वाढलाय, दर दोन महिन्याला एक जण जायलाय." आमच्या गावात तर हे इतकं ठरून गेलं होतं की बोअरच्या पाण्यापासून फवारणीपर्यंत सगळ्यांवर आळ घेऊन झाला होता. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळं एका दादांनी सरळ विचारलं, "सर, तुम्ही आकड्यावाले, तुम्हीच सांगा खरं काय ते." आणि मला सांगता आलं नाही, कारण गेल्या वर्षी गावात एकूण किती माणसं गेली हाच आकडा कुणाकडं धड नव्हता. तिथून हे काम सुरू झालं. त्यातून जे कळलं ते सांगतो, म्हणजे ज्याला आपल्या गावाचा हिशोब मांडायचाय त्याला तो मांडता येईल. मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. वही, एक्सेल आणि घरोघर जायची तयारी लागते.

सगळ्यात आधी प्रश्न कागदावर लिहा. "गावात आजार वाढलेत का" हा प्रश्न नाही, ती काळजी आहे. प्रश्न असा पाहिजे: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात, आमच्या गावच्या नेहमीच्या रहिवाशांपैकी, किती माणसं, कोणत्या वयाची, कशानं गेली. काळ, जागा, माणूस. या तिन्हीला कुंपण घातल्याशिवाय पुढं जाऊ नका, कारण नंतर प्रत्येक नावावर वाद होतो की हे धरायचं का नाही. लेक सासरी गेलेली, बाळंतपणाला माहेरी आली आणि इथं वारली, तर ती कोणत्या गावची? आम्ही ठरवलं की मागच्या वर्षभरात सहा महिन्यांपेक्षा जास्त जिथं राहिली तिथली, आणि ऊसतोडीला गेलेल्यांना मात्र अपवाद करून गावचेच धरायचं. तुम्ही वेगळं ठरवा, हरकत नाही, पण आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

मृत्यूंची यादी: एका रजिस्टरवर भागत नाही

पहिलं ग्रामपंचायतीत जा. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं मृत्यूची खबर २१ दिवसात द्यायची असते आणि गावात ती ग्रामसेवक घेतात, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पण यात एक गोम आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते. नोंद मृत्यू जिथं झाला तिथं होते, माणूस जिथला आहे तिथं नाही. म्हणजे आपल्या गावचा माणूस लातूरला किंवा संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात ॲडमिट असताना गेला तर त्याची नोंद तिथल्या महापालिकेकडं, ऊसतोडीच्या फडावर गेला तर तिकडच्या गावात. त्यामुळं गावच्या रजिस्टरात घरी गेलेली म्हातारी माणसं दिसतात आणि दवाखान्यात गेलेली तरणी माणसं गायब होतात. फक्त ते रजिस्टर घेऊन अभ्यास केला तर "आमच्या गावात सगळे म्हातारपणानं जातात" असं उत्तर येईल आणि ते चुकीचं असेल.

म्हणून दुसरी यादी पाहिजे. आशाताईंकडं घरोघरचं रजिस्टर असतं, अंगणवाडी सेविकेकडं लहान लेकरांची नोंद असते, पोलीस पाटलांना अपघाती मृत्यू माहीत असतात. स्मशानभूमीला लाकूड देणारा माणूस आणि कब्रस्तानचं बघणारे चाचा यांच्यासारखी पक्की आठवण कुणाचीच नसते. आम्ही पाच जणांना वेगवेगळं बसवून विचारलं. एकत्र नाही, कारण एकत्र बसले की पहिला जे बोलतो तेच बाकीचे बोलतात.

आता दोन याद्या झाल्या की एक लई उपयोगी हिशोब करता येतो. समजा ग्रामपंचायतीच्या यादीत ४० मृत्यू आहेत, आशाताईंच्या यादीत ३६, आणि दोन्हीत असलेले ३०. म्हणजे मिळून तुम्हाला ४६ माणसं सापडली. मग दोन्ही यादीतून सुटलेले किती असतील? ४० गुणिले ३६ भागिले ३० बरोबर ४८, हा झाला एकूण मृत्यूंचा अंदाज. म्हणजे साधारण दोन मृत्यू कुणालाच सापडले नाहीत. ही पद्धत १९४९ साली चंद्रशेखरन आणि डेमिंग या दोघांनी जन्म-मृत्यूच्या नोंदी तपासायलाच मांडली होती आणि तीही आपल्याच देशातल्या, कलकत्त्याजवळच्या सिंगूरच्या नोंदी घेऊन. अट एकच, दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र पाहिजेत. आशाताईंनी ग्रामपंचायतीचं रजिस्टर बघूनच आपलं भरलं असेल तर हा हिशोब काही कामाचा नाही, सुटलेले मृत्यू कमी दिसतील.

आणखी एक झटपट पडताळा. महाराष्ट्राचा मृत्युदर नमुना नोंदणी पाहणीत २०२० साली हजारी साडेपाचच्या आसपास होता. म्हणजे २,५०० वस्तीच्या गावात वर्षाला १३-१४ मृत्यू व्हायला पाहिजेत. तुमच्या यादीत सहाच असतील तर गाव निरोगी आहे असं समजून खुश होऊ नका, आधी याद्या परत तपासा. सगळ्यात जास्त सुटतात ती जन्मून दोन-चार दिवसात गेलेली लेकरं. घरचे सांगत नाहीत, कारण नाव ठेवलेलं नसतं, "झालं आणि गेलं" एवढंच म्हणतात. त्यासाठी मृत्यूबद्दल विचारूच नका, बायांना गेल्या तीन वर्षातल्या बाळंतपणांबद्दल विचारा, किती वेळा दिवस गेले, किती लेकरं झाली, आज किती आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं असंच गावोगाव प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपला म्हणून नवजात मृत्यूंचा खरा आकडा कळला, आणि गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी बाळाची काळजी घेतल्यावर तो ६० टक्क्यांहून जास्त खाली आला. हे १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आधी मोजलं नसतं तर खाली आला हे सांगताच आलं नसतं.

खालचा आकडा

मृत्युदर म्हणजे वर मृत्यू, खाली लोकसंख्या. वरच्या आकड्यासाठी लोक जीव टाकतात आणि खाली २०११ च्या जनगणनेचा आकडा डोळे झाकून ठेवून देतात. आमच्या भागात तर हे चालतच नाही. दसरा-दिवाळीच्या पुढं टोळ्या निघतात, कारखान्यावर कोप्यात राहतात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. अर्धं गाव सहा महिने गावातच नाही. मग गावात खरी माणसं किती?

इथं व्यक्ती-वर्ष ही कल्पना कामाला येते, नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. एक माणूस वर्षभर गावात राहिला म्हणजे एक व्यक्ती-वर्ष, सहा महिने राहिला तर अर्धं. समजा वस्ती २,५०० आणि त्यातले ६०० सहा महिने ऊसतोडीला, तर १,९०० अधिक ३०० म्हणजे २,२०० व्यक्ती-वर्षं. फक्त गावात झालेले मृत्यू मोजत असाल तर खाली २,२०० घ्या. फडावर गेलेल्यांचेही मृत्यू धरणार असाल तर पूर्ण २,५०० घ्या. वर एक नियम आणि खाली दुसरा असं केलं की सगळं बिघडलं. माझं मत विचाराल तर फडावरचे मृत्यू धराच. तिथली ट्रॅक्टर-ट्रॉलीखालची, विंचवा-सापाची, बाळंतपणातली मरणं ना तिकडच्या गावाची असतात ना इकडच्या रजिस्टरात येतात. त्यासाठी मुकादमाला नाही, टोळीतल्या बायांना विचारा. मुकादमाचा हिशोब वेगळा असतो.

वयाचं सांगतो, कारण पुढं सगळं वयावर चालतं. म्हाताऱ्या माणसांची वयं कागदावर ६०, ६५, ७० अशीच असतात, ६३ किंवा ६८ कुणी नसतंच. आधारवर सगळ्यांचा जन्म १ जानेवारीचा. म्हणून घटना धरून विचारा: पोलीस ॲक्शनच्या टायमाला, म्हणजे १९४८ ला, आबा पाळण्यात होते का शाळेत जात होते? ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेले तेव्हा लग्न झालं होतं का? किल्लारीचा भूकंप झाला, सप्टेंबर ९३, तेव्हा थोरला पोरगा कितवीला होता? चार प्रश्नात वय दोन-तीन वर्षांच्या फरकानं हाती लागतं.

कारण शोधणं, हे सगळ्यात अवघड

मृत्यूच्या दाखल्याचे कागद बघा, नमुना ४ दवाखान्यातल्या मृत्यूसाठी आणि ४-अ घरच्या मृत्यूसाठी, त्यावर डॉक्टरनं कारण लिहायचं असतं. बऱ्याच कागदांवर "हृदयक्रिया बंद पडल्याने" असं असतं. पण हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं, ते कारण नाही, तो मृत्यूच आहे. खरी माहिती साखळीत असते: शेवटी काय झालं, ते कशामुळं झालं, आणि ते मुळात कशातून सुरू झालं. माणूस न्यूमोनियानं गेला, न्यूमोनिया अंथरुणाला खिळल्यामुळं, अंथरुणाला खिळला लकव्यामुळं, आणि लकवा पंधरा वर्षं गोळी न घेतलेल्या बीपीमुळं. तुमच्या तक्त्यात मूळ कारण जायला पाहिजे, साखळीचं शेवटचं टोक नाही.

आणि घरी गेलेल्यांचा तर असा कागदही नसतो बऱ्याचदा. तिथं घरच्यांशी बोलून कारण शोधायची रीत आहे, तिला व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची तयार प्रश्नावली आहे, ती घ्या, स्वतः बनवत बसू नका. पण प्रश्नावली उघडायच्या आधी बसा, पाणी प्या, आणि एवढंच म्हणा, "काकू, काय झालं होतं ते सुरुवातीपासून सांगा." मधे बोलू नका. त्या जे आणि ज्या क्रमानं सांगतात तसं लिहून घ्या, त्यांच्याच शब्दात. मग विचारा ताप किती दिवस, खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त होता का, वजन उतरलं का, एक बाजू गेली का, पाय सुजले का, लघवी कमी झाली होती का. आणि जवळजवळ प्रत्येक घरात खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते, त्यात डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, औषधाच्या चिठ्ठ्या. ती काढायला सांगा. मी तर म्हणेन अर्धा अभ्यास त्या पिशवीत असतो.

कधी जायचं? तेराव्याच्या आधी अजिबात नाही. महिना-दीड महिना जाऊ द्या, पण वर्षही उलटू देऊ नका, आठवणी पुसट होतात. बोलताना कुणी कोसळलं तर वही मिटा आणि माणसापाशी बसा. घरात कुणी स्वतःच्या जिवाबद्दल वेडंवाकडं बोलत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या आणि आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.

कारण ठरवायचं काम मात्र आपण करायचं नाही. आपण लिहून आणायचं आणि दोन डॉक्टरांना वेगवेगळं वाचायला द्यायचं, दोघांचं जुळलं तर ठीक, नाही जुळलं तर तिसऱ्याकडं. आपल्या देशातल्या मिलियन डेथ स्टडीत, म्हणजे दहा लाख मृत्यूंच्या अभ्यासात, हीच रीत वापरली आणि त्यातून सर्पदंशाचं चित्र पूर्ण बदललं. ११ लाख घरांच्या पाहणीतून असं निघालं की २००५ साली देशात साधारण ४६ हजार माणसं साप चावून गेली, जवळजवळ सगळी खेड्यातली, आणि दवाखान्यात पोचून गेलेली त्यातली पाव हिस्साही नव्हती. म्हणजे दवाखान्याचे आकडे बघून कुणालाच हे दिसलं नसतं. आपल्याकडं हे फार खरं आहे. मण्यार रात्री झोपेत चावते, चावल्याचं कळतही नाही बऱ्याचदा, पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलता येत नाही आणि माणूस जातो, आणि घरचे म्हणतात ॲटॅक आला. म्हणून "ॲटॅक" हा शब्द आला की थांबा आणि विचारा, खाली झोपले होते का, डोळे उघडत होते का, पावसाळा होता का.

आत्महत्येबद्दल एक गोष्ट. सरकारी आकड्यात शेतकरी आत्महत्या "पात्र" आणि "अपात्र" अशा असतात, आणि ते ठरतं एक लाखाच्या मदतीसाठी: जमीन नावावर आहे का, कर्ज थकलंय का. ती मदत देण्यासाठीची व्याख्या आहे, मरण मोजण्यासाठीची नाही. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही ती आयुष्यभर रानात राबली तरी त्या हिशोबात शेतकरी म्हणून बऱ्याचदा येत नाही. तुमच्या तक्त्यात धंदा आणि मृत्यूचं कारण हे दोन वेगळे रकाने ठेवा, आणि कोणत्या पद्धतीनं जीव दिला याचं वर्णन कुठं पसरवू नका.

दर काढताना

साधा दर म्हणजे मृत्यू भागिले लोकसंख्या गुणिले हजार. यावरून दोन गावांची तुलना करायला गेलात की फसलात. उदाहरण मनानं बनवून दाखवतो. गाव अ मधली तरणी पोरं पुण्याला गेलीत, वस्ती २,०००, त्यात साठच्या आतले १,६०० आणि साठच्या पुढचे ४००. मृत्यू २०, म्हणजे हजारी १०. गाव ब एमआयडीसीजवळ, वस्ती तीच, साठच्या आतले १,८५०, पुढचे १५०. मृत्यू १३, म्हणजे हजारी ६.५. वरवर ब चांगलं. आता फोडून बघा. अ मध्ये साठच्या आतले ४ गेले, हजारी २.५, आणि साठच्या पुढचे १६, हजारी ४०. ब मध्ये साठच्या आतले ६ गेले, हजारी ३.२, पुढचे ७, हजारी ४६.७. दोन्ही वयात ब चा दर जास्त! अ मध्ये फक्त म्हातारी माणसं जास्त आहेत म्हणून एकूण आकडा फुगला. दोन्ही गावांची मिळून वस्ती ४,००० (३,४५० आणि ५५०) धरून तिच्यावर दोघांचे दर लावले तर अ चा दर ७.७ येतो आणि ब चा ९.२. याला वयानुसार प्रमाणीकरण म्हणतात, आणि एवढं एक केलं तरी पारावरचे निम्मे वाद मिटतात. कॅन्सरचंही तसंच आहे, माणसं जास्त जगायला लागली की कॅन्सर जास्त दिसणारच, वय बाजूला काढल्याशिवाय "वाढला" म्हणता येत नाही.

दुसरी अडचण लहान आकड्यांची. गावात वर्षाला ४० जन्म, त्यात एक बाळ वर्षाच्या आत गेलं तर बालमृत्युदर हजारी २५, म्हणजे राज्याच्या २०२० च्या १६ पेक्षा केवढा जास्त, आणि पुढच्या वर्षी एकही नाही गेलं तर शून्य. गाव एका वर्षात बिघडलं नाही आणि सुधारलंही नाही. म्हणून आकड्याबरोबर त्याचा पल्ला लिहा, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते. ५ मृत्यू दिसले तर ९५ टक्के खात्रीचा पल्ला १.६ ते ११.७ इतका रुंद असतो, १० दिसले तर ४.८ ते १८.४, २० दिसले तर १२.२ ते ३०.९. मागच्या वर्षी पाच आणि यंदा आठ कॅन्सर, यावरून वाढ झाली असं म्हणायला जागाच नाही. इलाज काय? पाच वर्षं एकत्र करा, किंवा शेजारची दहा गावं एकत्र करा.

किती मोठी संख्या लागते हे समजायला आपल्याच धाराशिव जिल्ह्यात झालेला अभ्यास बघा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीनं मृत्यू कमी होतात का, हे बघायला ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया घेतल्या, गावांचे ५२ गट पाडले आणि कोणत्या गटाला कोणती तपासणी हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एचपीव्ही (या कॅन्सरमागचा विषाणू) तपासणीच्या गटात ३४ मृत्यू आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. साधारण निम्मे. हे २००९ ला आलं आणि जगभरातल्या धोरणात वापरलं गेलं. एका गटाला तपासणी न देणं योग्य होतं का यावर पुढं वादही झाला, आणि तो व्हायलाच पाहिजे होता. सांगायचं एवढंच, सव्वा लाखावर बाया आणि आठ वर्षं, तेव्हा कुठं ३४ आणि ६४ दिसले. या आकड्यांमागं आपल्याच मावश्या-काकवा आहेत, हे मला प्रत्येक वेळी आठवतं.

एकदम साथ आली तर

वरचं सगळं सावकाश करायचं काम आहे. पण एकादशीला पंगत झाली आणि रात्री शंभर माणसं उलट्या करायला लागली तर थांबायला वेळ नसतो. आधी उपचार आणि आरोग्य केंद्राला फोन, मग लगेच यादी: नाव, वय, गल्ली, त्रास किती वाजता सुरू, काय काय खाल्लं. आणि आजारी नसलेल्यांनाही तेच विचारा. लोक हीच चूक करतात, फक्त आजाऱ्यांना विचारतात आणि सगळ्यांनी भगर खाल्ली म्हणून भगर वाईट ठरवतात, पण बरे असलेल्यांनीही खाल्ली असेल तर?

समजा २०० जणांना विचारलं. भगर खाल्लेले १२०, त्यातले ७८ आजारी, ६५ टक्के. न खाल्लेले ८०, त्यातले ४ आजारी, ५ टक्के. ६५ भागिले ५ म्हणजे १३ पट धोका. पण भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी असतेच, मग दोष आमटीचा कशावरून नाही? म्हणून वेगळं काढा. भगर दह्याबरोबर खाल्ली, आमटी घेतलीच नाही असे २५, त्यातले १६ आजारी. भगर नाही, साबुदाण्यावर आमटी घेतली असे २०, त्यातला १ आजारी. झालं, आमटी सुटली. उपासाच्या दिवसात भगरीच्या पिठाची विषबाधा आपल्या भागात पुन्हापुन्हा होते, जुनं आणि ओलसर राहिलेलं पीठ बुरशी धरतं, म्हणून भगर निवडून, धुवून घरीच दळलेली बरी.

त्रास सुरू झाल्याच्या वेळा आलेखावर मांडा. सगळे पाच-सहा तासात आजारी पडून एकच उंच शिखर आलं तर एका जेवणाचा दोष. कावीळ असेल तर हिशोब आठवड्यात करायचा, कारण हिपॅटायटिस ए ला आतून बाहेर यायला १५ ते ५० दिवस लागतात, म्हणजे आज पाण्याची टाकी तपासून क्लोरीन बरोबर निघालं तरी महिन्यापूर्वी काय होतं ते विचारा, पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर संपली होती का, पाण्यातलं क्लोरीन बघायची ओटी टेस्ट कोणत्या तारखांना झाली, पाइपलाइन कुठं नालीतून गेलीय. गावाचा नकाशा काढून घराघरावर टिंब मारा. आणि टिंब जिथं असायला नको तिथं आलं असेल ते घर सोडू नका. १८५४ ला लंडनच्या पटकीत (कॉलऱ्यात) डॉक्टर जॉन स्नोला लांबच्या हॅम्पस्टेडमधली एक म्हातारी सापडली, त्या भागात पटकी नव्हती, पण साथीचं मूळ असलेल्या ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचंच पाणी तिला आवडायचं म्हणून ती ते मागवून घ्यायची. आपल्याकडं रानातल्या वस्तीवर गावातल्या नळाची घागर जातेच की.

आजार जुना असेल, मुतखड्यासारखा, तर उलट्या बाजूनं जा: ३० आजारी घ्या, त्याच वयाचे ६० निरोगी घ्या, आणि दोघांना आधीचं विचारा. समजा आजाऱ्यांत २४ बोअरचं पाणी पिणारे, ६ नाही. निरोग्यांत ३६ पिणारे, २४ नाही. (२४ गुणिले २४) भागिले (६ गुणिले ३६), म्हणजे साधारण २.७ पट. वाटतं की बोअरनं मुतखडा होतो. पण पल्ला काढला तर ०.९५ ते ७.५ येतो आणि त्यात १ बसतो, म्हणजे काहीच संबंध नसण्याचीही शक्यता अजून आहे. अशा वेळी पाण्याला दोषी ठरवू नका आणि निर्दोषही सोडू नका, आणखी माणसं घ्या. हे आकडे ओपनएपि नावाच्या वेबसाइटवर फुकट निघतात.

उन्हाळ्याचं थोडक्यात. उष्माघात म्हणून नोंद फार थोड्यांची होते, बाकीचे किडनी, हृदय, म्हातारपण यात लपतात. म्हणून कारण सोडा, एप्रिल-मे मधले सगळे मृत्यू आठवड्यानुसार मांडा आणि आधीच्या वर्षांच्या त्याच आठवड्यांशी लावा. अहमदाबादेत असंच मोजल्यावर मे २०१० मध्ये १,३४४ जादा मृत्यू निघाले, आणि त्या उन्हाळ्यानंतरच तिथं उष्णतेचा आराखडा तयार झाला.

तुलना कुणाशी, हे शेवटी पण सगळ्यात जपून

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाची पिशवी काढण्याच्या ऑपरेशनचा विषय राज्यभर गाजला. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण १७ टक्के, दर सहा बायांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा आकडा ३.२ टक्के. फरक भयंकर आहे आणि त्यामागं अन्यायही आहे. मोजणारा म्हणून तरी दोन प्रश्न विचारावेच लागतात, कारण ज्यांना हे झाकायचंय ते हेच प्रश्न विचारून आकडा उडवून लावतात. राष्ट्रीय आकडा १५ ते ४९ वयाचा आहे, पाहणीतल्या बायांची वयं तीच होती का? आणि त्याच गावातल्या, त्याच वयाच्या, पण ऊसतोडीला न जाणाऱ्या बायांत किती? वयाचे गट पाडून, शेजारणीशी शेजारणीची तुलना करून जो आकडा येतो तो कुणाला हलवता येत नाही. बीडचंच २०११ च्या जनगणनेतलं हजार मुलांमागं ८०७ मुली हे प्रमाण बघा, २००१ ला ते ८९४ होतं. वय एकच, शून्य ते सहा, व्याख्या एकच, दोन्ही वेळा मोजलेलं एकाच पद्धतीनं. म्हणून तो आकडा कुणी खोडू शकलं नाही.

आमच्या गावाचं काय निघालं? पाच वर्षांची यादी वयानुसार लावली तर कॅन्सर होता, पण जेवढं बोलणं होतं तेवढा नव्हता, आणि त्याच्याबद्दल पक्कं बोलायला आकडे पुरेसे नव्हते. ज्याच्याबद्दल पारावर कुणी बोलतच नव्हतं ते मात्र यादीत ठळक होतं: पंचवीस ते पंचेचाळीसच्या पोरांचे मोटारसायकलचे अपघात, गावाबाहेरच्या एकाच वळणावर, बहुतेक अंधारात.

हे गावाला सांगताना नावं वाचू नका. घरोघरच्या वहीत नाव, आणि एक्सेलमध्ये फक्त नंबर, ती वही कुलपात. टीबी, एचआयव्ही, लग्न न झालेल्या मुलीचा मृत्यू, हे छोट्या गावात वय आणि गल्ली सांगितली तरी ओळखू येतं, म्हणून पाचपेक्षा कमी मृत्यू असलेला कोणताही रकाना फोडून दाखवू नका. प्रबंधासाठी करत असाल तर नैतिक समितीची परवानगी आधी घ्या. आधी ज्या घरांनी माहिती दिली त्यांना जाऊन सांगा, मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, मग ग्रामसभेत. ग्रामसभेत एकच मागणी घेऊन जा, आम्ही त्या वळणावर दिवा आणि रेडियमच्या पट्ट्या मागितल्या. आणि यादी बंद करू नका. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आशाताई, अंगणवाडीच्या ताई आणि मी ग्रामपंचायतीत अर्धा तास बसतो, महिन्यात कोण गेलं, कुठं गेलं, कोणत्या यादीत आलं आणि कोणत्या यादीतून सुटलं ते लिहितो, आणि दीड महिन्यानं कुणाच्या घरी कुणी जायचं ते ठरवतो.